उन्हाळी पुढारी

मार्च सरू लागला की आमच्या बेळगावात हापूसच्या पेट्यांच्या जाहिरातींबरोबर आणखी एका मालाच्या जाहिराती झळकू लागतात. हा माल म्हणजे नेतृत्व. बारा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी पाच दिवसांचे निवासी शिबिर, थंड हवा, पोहण्याचा तलाव, शाकाहारी भोजनाची स्वतंत्र सोय, आणि अखेरीस ‘उद्याचा नेता’ अशा मजकुराचे सोनेरी काठाचे प्रशस्तिपत्र. यंदा माझ्या कन्येच्या शाळेतून असेच एक पत्रक घरी आले. ‘आयुष्य बदलून टाकणारा अनुभव’ असे त्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापले होते. सोबत पालकांनी सही करावयाचे संमतिपत्र होते. वकिलाच्या घरी छापील कागद आला की तो खालून वर वाचला जातो. त्याप्रमाणे मी वाचू लागलो. शिबिरात पाल्यास काही इजा झाल्यास, ती चालकांच्या हयगयीने झालेली असली तरी, चालक जबाबदार राहणार नाहीत, असे त्यात कबूल करून घेतले होते. म्हणजे वर ठळक अक्षरांत आयुष्य बदलण्याची हमी, आणि खाली बारीक अक्षरांत हात मोडला तरी आमचा संबंध नाही!

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ आणि ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ या दोहोंच्याही व्याख्या दिलेल्या आहेत. एकाच कागदावर दोन्ही उदाहरणे सापडावीत असा योग विरळाच. परंतु माझी तक्रार कायद्याच्या कलमात मावणारी नाही. आयुष्य बदलते ते खोटे, असेही मला म्हणावयाचे नाही. उन्हाळ्यातील एका शिबिराने माझे स्वतःचे आयुष्य बदललेले आहे, आणि म्हणूनच या व्यापाराकडे पाहून मला चीड येते. माझे म्हणणे इतकेच, की सुखवस्तू घरातील मुलाला पुढारीपण शिकविणारे शिबिर त्याला नवे काहीच देत नाही. घराने जे आधीच दिलेले आहे, तेच ते रंगीत कागदात गुंडाळून परत देते. त्या मुलाने आजवर न केलेली गोष्ट एकच असते, ती म्हणजे ज्याला तो आपल्याहून कमी समजतो त्याच्या हाताखाली राबणे. जे शिबिर हे घडवून आणत नाही, ते फार तर सहल होय.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात ‘कायदा आणि नेतृत्व’ या विषयावर बोलण्यास मला पाचारण झाले होते. घाटमाथ्यावरील एका विश्रामस्थळी सत्तरएक मुले जमली होती. त्यांचे सहा संघ पाडले होते. कागदी पेल्यांचे मनोरे रचणे, डोळे बांधून चालणे, सहकाऱ्यांच्या भरवशावर पाठमोरे पडणे असे खेळ चालले होते. प्रत्येक खेळानंतर एक तरुण मार्गदर्शक त्या खेळातून निघणारे तात्पर्य फळ्यावर लिहून दाखवी. खेळ गमतीचे होते, मुलेही आनंदात होती. इथवर माझे काहीच म्हणणे नाही.

शेवटच्या रात्री मात्र जे पाहिले ते विसरता येत नाही. सभागृहातील दिवे मालवले गेले. करुण संगीत सुरू झाले. मार्गदर्शकाने मुलांना डोळे मिटावयास सांगितले, आणि हलक्या आवाजात, ‘तुमचे आईवडील या क्षणी जग सोडून गेले आहेत अशी कल्पना करा’, म्हणून सुरुवात केली. पाच मिनिटांत सभागृह हुंदक्यांनी भरून गेले. मग दिवे लागले, मुले एकमेकांच्या गळ्यात पडली, आणि चालकांनी माझ्या कानाशी लागून समाधानाने म्हटले, “पाहिलेत ना वकीलसाहेब? हाच तो क्षण. येथेच मुले बदलतात.” तेरा वर्षांच्या पोरीला अंधारात बसवून तिच्या जिवंत आईचे मरण तिच्या डोळ्यांपुढे उभे करावयाचे, आणि त्या रडण्याला परिवर्तन म्हणावयाचे! साक्षीदाराला दरडावून घेतलेली जबानी आणि अशा रीतीने काढलेले अश्रू यांत मला तरी फरक करता येत नाही. दोन्ही घेणाऱ्याच्या सोयीची असतात.

त्याच शिबिरातली आणखी एक गोष्ट. सकाळी वळवाचा पाऊस कोसळला आणि अंगणातल्या मांडवाचे एक टोक सुटून फडफडू लागले. स्वयंपाकघरात ताटे घासणारा एक मुलगा धावत आला, खांबावर चढला आणि दात-हातांनी दोर ओढून त्याने मांडव पुन्हा बांधून टाकला. मी त्याला जवळ बोलावून वय विचारले. सोळा पूर्ण झाली होती. अर्थात कायद्याच्या दृष्टीने त्याच्या तेथे राबण्यात गैर काही नव्हते. पण ती सत्तर मुले ओसरीवर उभी राहून त्याच्याकडे पाहत होती. ती गाठ कशी मारली हे एकानेही त्याला विचारले नाही. थोड्या वेळाने घंटा झाली आणि मुले आत गेली. आत ‘संकटकाळी नेतृत्व’ या विषयावर चित्रफीत दाखविण्यात येणार होती.

आपल्या दोन्ही भाषांत या बाबतीत मोठी मौज आहे. मराठीत ‘पुढारी’ हा शब्द एकेकाळी आदराचा होता. आज कोणाला पुढारी म्हटले तर तो दुखावण्याचीच शक्यता अधिक. म्हणूनच या शिबिरांना ‘नेतृत्व’ असा सोवळ्यातला शब्द लागतो. कोंकणीत ‘फुडारी’ म्हणजे पुढारी आणि ‘फुडार’ म्हणजे भविष्यकाळ. जो येणाऱ्या दिवसांची काळजी वाहतो तो फुडारी, असा अर्थ मी आपल्या मनाशी लावतो. भाषाशास्त्रज्ञांनी त्यासाठी मला दंड करू नये. पण आमची शेती, आमची गलबते, आमची बांधकामे ज्यांच्यामुळे चालली ते तांडेल, मुकादम, गवंडी यांना कोणी पुढारी म्हटल्याचे ऐकिवात नाही. पाणी कोठे वळेल आणि भिंत कोठे खचेल हे त्यांना कळे, म्हणून माणसे त्यांचे ऐकत. ते कामातून येत असे. शिबिरांना मात्र कामावाचून आलेले पुढारीपण हवे आहे.

आता माझी हकीकत. पंचवीसएक वर्षांपूर्वी, महाविद्यालयात असताना, एका मित्राच्या आग्रहाखातर मी मे महिन्यात सोमनाथला गेलो. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ हे ठिकाण आहे. बाबा आमटे यांनी १९६७ साली तेथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. आनंदवनातून बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांनी जंगलाच्या कडेची ती जमीन कसून तेथे भाताची शेती उभी केली होती. चंद्रपूरच्या मे महिन्याबद्दल ज्यांना कल्पना नाही त्यांना इतकेच सांगतो, की तेथे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जाणे ही बातमी नसते. अशा उन्हात देशभरातून आलेली पोरे पहाटे उठून चर खणीत, बांध घालीत, दुपारी व्याख्याने ऐकत आणि रात्री गाणी म्हणत.

आमच्या तुकडीला एका बांधाचे काम आले. काम दाखविण्यास एक साठीचे गृहस्थ होते, त्यांना सगळे काका म्हणत. त्यांच्या दोन्ही हातांची बोटे पेरापेरांनी झडली होती. फावड्याच्या दांड्याला त्यांनी सायकलच्या रबरी नळीची पट्टी गुंडाळली होती, म्हणजे पकड निसटत नसे. आम्ही दहा धडधाकट तरुण सकाळभरात जेवढी माती हलवू, तेवढी ते एकटे, न थांबता, न बोलता हलवीत. बांधाचा उतार किती ठेवावयाचा, माती कोठली घ्यावयाची, दगड कोणत्या अंगाने बसवावयाचा, हे ते एका शब्दात सांगत, आणि आम्ही चुकलो तर स्वतःच पायाने ढकलून दाखवीत.

पहिल्या दिवशी दहाच्या सुमारास त्यांनी मडक्यातून पेला भरून माझ्यापुढे धरला. माझ्या घशाला कोरड पडली होती. “मला तहान नाही,” मी म्हणालो.

त्यांना समजले. समजावयाचेच होते, कारण असे ऐकण्याचा त्यांना माझ्या वयाहून अधिक वर्षांचा सराव होता. ते काही बोलले नाहीत. पेला त्यांनी शेजारच्या दगडावर ठेवला आणि दुसरीकडे पाहत उभे राहिले, म्हणजे मला तो त्यांच्या हातून न घेताही उचलता यावा. हा त्यांचा सभ्यपणा मला झोंबला तितके कोणाचे रागावणे झोंबले नसते. मी पुस्तके वाचलेला मुलगा होतो. बरा झालेला कुष्ठरोगी रोग पसरवीत नाही, बोटे झडतात ती मज्जातंतू निकामी झाल्याने, हे सारे मला पाठ होते. परीक्षेत आले असते तर पैकीच्या पैकी गुण मिळविले असते. आणि तरीही माझा हात पुढे झाला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांजवळ जाऊन पाणी मागितले. त्यांनी दिले. या प्रसंगाचे तात्पर्य फळ्यावर लिहून देण्यास तेथे कोणी नव्हते, कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत, आणि मीही ही गोष्ट पुढे कित्येक वर्षे कोणाला सांगितली नाही.

या अनुभवाने माझे आयुष्य बदलले असे मी म्हणतो, त्याला पुरावा हवा. वकिलाने पुराव्यावाचून बोलू नये. पुरावा दहाबारा वर्षांनी मिळाला. एक पक्षकार माझ्याकडे आले. ओळख पटेल असा तपशील मी देत नाही. त्यांना पत्नीपासून घटस्फोट हवा होता, आणि कारण होते पत्नीचा कुष्ठरोग. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ‘उग्र व असाध्य’ कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून घातलेले होते. त्या काळी त्यास निदान वैद्यकीय अज्ञानाची सबब होती. पण जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची पद्धत १९८१ साली पुरस्कारली, आणि असाध्य हा शब्द या रोगापुरता मेला. कायद्याच्या पुस्तकात तो जिवंतच राहिला. या बाईंचा उपचार पूर्ण झाला होता, तसा दाखलाही होता. “दाखला काय, कलम आहे ना?” पक्षकार म्हणाले. कलम होते खरे. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मते दावा सोपा होता आणि फीही बरी होती.

मी कागद हाती घेतला आणि मला दगडावर ठेवलेला पेला दिसला. मी दावा घेतला नाही. यात शौर्य काही नव्हते, हेही सांगून टाकतो. पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे गेले. त्यांनी आपली बाजू एकदा मला सांगितलेली असल्याने बाईंच्या बाजूने उभे राहण्याचा मार्ग व्यवसायाच्या नीतीने मला बंद झाला होता. म्हणजे मी कोणालाही वाचविले नाही. एका अन्यायाच्या कागदावर माझी सही नाही, एवढेच. २०१९ साली संसदेने वैयक्तिक कायद्यांत दुरुस्ती करून घटस्फोटाचे हे कारण पाच कायद्यांतून काढून टाकले. हिंदू विवाह कायद्याच्या जन्मापासून मोजले तर चौसष्ट वर्षे, आणि औषध सापडल्यापासून अडतीस. त्या अडतीस वर्षांत हे कलम वापरणारे माझे व्यवसायबंधू उत्तम वक्ते होते, आत्मविश्वासाने ओतप्रोत होते. शिबिरवाले ज्या गुणांची यादी छापतात त्यांतला एकही त्यांच्यात कमी नव्हता.

कोणी म्हणेल, हा एका माणसाचा अनुभव झाला. ठीक. मग एका शास्त्रीय प्रयोगाची साक्ष काढतो. १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह नावाच्या उद्यानात, मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने उन्हाळी शिबिर भरविले. अकरा-बारा वर्षांचे बावीस मुलगे, सगळे चांगल्या घरचे. आपण प्रयोगाचा विषय आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचे दोन गट केले. एकाने ‘रॅटलर्स’ असे नाव घेतले, दुसऱ्याने ‘ईगल्स’. आधी दोघांना एकमेकांपासून दूर ठेवले, मग रस्सीखेच, चेंडूफळी अशा सामन्यांत समोरासमोर आणून विजेत्यांस बक्षिसे लावली. थोड्याच दिवसांत एकाने दुसऱ्याचा ध्वज जाळला, एकमेकांच्या निवासांवर धाडी पडल्या, आणि भोजनगृहात शिव्यांची देवघेव होऊ लागली. प्रत्येक गटाला नायक होता, संघभावना होती, जिंकण्याची जिद्द होती. आमच्या घाटमाथ्यावरील चालकांनी पाहिले असते तर दोन्ही नायकांना प्रशस्तिपत्रे दिली असती.

पुढची गोष्ट अधिक मोलाची आहे. दोन्ही गटांना एकत्र जेवू घालून, चित्रपट दाखवून वैर कमी झाले नाही. मग शिबिराचे पाणी बंद पडले, आणि सगळ्यांना मिळून दोष शोधावा लागला. अन्न आणणारी मोटार चालेना, तेव्हा रस्सीखेचीचाच दोर तिला बांधून सर्वांनी ती ओढली. हे अडथळे प्रयोगकर्त्यांनीच मुद्दाम उभे केले होते. पण तहान आणि भूक खरी होती, आणि वैर ओसरू लागले ते अशा कामांमुळे. आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात शेरीफने असाच एक प्रयोग केला होता आणि तो अर्धवट सोडावा लागला. तेथे मुलांना गटांत विभागण्यापूर्वी आपसांत ओळख करू दिली होती. काही केल्या ती भांडेनात, उलट मोठी माणसेच आपल्याला झुंजवीत आहेत असा संशय त्यांना आला. त्या निनावी पोरांची शहाणीव मला त्या काळच्या पुष्कळ प्राध्यापकांहून मोठी वाटते. मुलांवर त्यांच्या नकळत असले प्रयोग करणे हे निंद्यच, पण निष्कर्ष नाकारता येत नाही.

आम्हां सीमाभागातील लोकांना हा दोर निराळा समजावून सांगण्याची गरज नसावी. सोमनाथच्या त्या बांधावर घमेल्यांच्या रांगेत माझ्या उजव्या हाताला धारवाडचा एक कन्नड मुलगा होता. बेळगावात आम्ही भेटलो असतो तर कोणत्या घोषणा देत भेटलो असतो ते सांगावयास नको. रांगेत मात्र त्याच्या हातातले घमेले वेळेवर घेणे एवढेच माझे काम होते, आणि उशीर झाला की तो कन्नडात काय म्हणे ते तिसऱ्या दिवशी मला नीट कळू लागले. सीमाप्रश्नावरील माझे मत त्यामुळे बदललेले नाही. बोलण्याची रीत बदलली.

सरकारी शिबिरांची बाजू घेऊन मी हे लिहीत आहे असे कोणी समजू नये. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी निघाली. ‘मी नव्हे, तू’ हे तिचे ब्रीद, आणि खेड्यात जाऊन सात दिवसांचे शिबिर हा तिचा गाभा. ब्रीदाला तोड नाही. परंतु एका फावड्यावर दहा हात, समोर छायाचित्रकार, आणि छायाचित्र निघताच फावडे गावकऱ्याच्या हाती, अशीही शिबिरे मी पाहिली आहेत. श्रमाचे नाटक हे नेतृत्वाच्या नाटकापेक्षा अधिक पवित्र नाही. फार काय, माझ्याबरोबर सोमनाथला माती वाहिलेल्यांपैकी एक गृहस्थ आज अशीच नेतृत्व शिबिरे भरवून सुखाने नांदत आहेत. तेव्हा श्रमाने माणूस हमखास सुधारतो असा दावा मी करीत नाही. आम्ही घातलेला बांध आज उभा आहे की वाहून गेला, तेही मी पाहावयास गेलेलो नाही.

बुजऱ्या मुलांना या शिबिरांतून चार लोकांत बोलण्याचे धैर्य येते, हा चालकांचा युक्तिवाद मला मान्य आहे. बोलण्यावरच पोट भरणाऱ्या माणसाने तो अमान्य कसा करावा? मग त्यांनी वक्तृत्वाचे वर्ग काढावेत, पोहणे शिकवावे, डोंगर चढवावेत आणि त्याचे वाजवी पैसे घ्यावेत. माझी मुलगी खुशाल जाईल. पण पाच दिवसांत आयुष्य बदलण्याचा सौदा त्यांनी करू नये, आणि दिवे मालवून लहान मुलांना रडवू नये.

संमतिपत्र मी सहीवाचून परत पाठविले आहे. मुलगी दोन दिवस रुसली होती, तिच्या मैत्रिणी गेल्या म्हणून. तिचे रुसणे मला समजते. मोठी होऊन ती कोठे जाईल हे ती ठरवील. शिबिरचालकांपैकी कोणास या लेखाचे उत्तर द्यावयाचे असेल, तर त्यांनी ते अवश्य द्यावे. संपादक त्यास जागा देतील अशी माझी खात्री आहे. मात्र उत्तरात यशस्वी विद्यार्थ्यांचे अभिप्राय छापण्याऐवजी त्यांनी दोनच गोष्टी कळवाव्यात. शिबिरात जेवणानंतर ताटे कोण घासते, आणि पाच दिवसांच्या अखेरीस त्याचे नाव किती मुलांना ठाऊक असते?